महानगराची सीमा आणि प्रवाशाची वाट

नकाशावर दिल्लीची सीमा जेथे संपते, तेथे दिल्लीचे दैनंदिन जीवन संपत नाही. सोनिपत, बहादूरगड, फरिदाबाद, गुरुग्राम, नोएडा, गाझियाबाद, मोदीनगर या शहरांतून असंख्य नोकरदार, विद्यार्थी, मजूर आणि रुग्ण दररोज राजधानीत येतात व संध्याकाळी परततात. २०११ च्या जनगणनेनुसार दिल्लीची लोकसंख्या सुमारे १.६८ कोटी होती. या आकड्यात शेजारच्या राज्यांतून रोज ये-जा करणारे समाविष्ट नाहीत. त्यांच्या प्रवासाचा प्रश्न केवळ वाहनांचा नाही. घर एका राज्यात, काम दुसऱ्या राज्यात आणि वाहतुकीची जबाबदारी अनेक यंत्रणांत विभागलेली, असे या प्रश्नाचे खरे स्वरूप आहे.

हे ओळखूनच १९८५ मध्ये राष्ट्रीय राजधानी प्रदेश नियोजन मंडळाचा कायदा करण्यात आला. दिल्लीसह हरियाणा, उत्तर प्रदेश आणि राजस्थानातील काही जिल्हे या प्रदेशात येतात. त्याचे क्षेत्र सुमारे ५५ हजार चौरस किलोमीटर आहे.

रेल्वे आणि बस

पलवल, पानिपत, रोहतक, रेवाडी या दिशांनी येणाऱ्या लोकल गाड्या हा मासिक पासधारकांसाठी सर्वांत स्वस्त पर्याय होय. तथापि, याच भागांतील लोहमार्गांवर लांब पल्ल्याच्या गाड्या व मालगाड्याही धावत असल्याने लोकल फेऱ्या वाढविण्यास मर्यादा पडते. रिंग रेल्वेचा अनुभव अधिक बोलका आहे. १९७५ मध्ये मालवाहतुकीसाठी सुरू झालेला, सुमारे ३५ किलोमीटरचा हा वळसा १९८२ च्या आशियाई क्रीडा स्पर्धांच्या वेळी प्रवाशांसाठी सज्ज करण्यात आला. परंतु अनेक स्थानके वस्ती व बसथांब्यांपासून दूर राहिल्याने प्रवाशांचा प्रतिसाद अल्प राहिला. मार्ग असणे आणि तो प्रवाशाच्या उपयोगी पडणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत.

काश्मिरी गेट, आनंद विहार आणि सराय काले खां ही आंतरराज्य बसस्थानके शेजारच्या राज्यांतील बसप्रवाशांची प्रवेशद्वारे आहेत. मात्र मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार एका राज्याचा परवाना सर्वसाधारणपणे दुसऱ्या राज्याच्या प्रतिस्वाक्षरीशिवाय तेथे वैध ठरत नाही. त्यामुळे बसफेऱ्यांसाठी राज्याराज्यांत करार करावे लागतात. प्रदूषण नियंत्रणातही सीमेचा अडसर दिसतो. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९८ च्या आदेशानंतर २००२ च्या अखेरीस दिल्लीची सार्वजनिक बससेवा नैसर्गिक वायूवर आली. शेजारच्या राज्यांच्या राजधानी प्रदेशातील भागांतून येणाऱ्या बसगाड्यांवर वीज, नैसर्गिक वायू किंवा भारत स्टेज-६ डिझेल असे बंधन मात्र १ नोव्हेंबर २०२३ पासून आले.

मेट्रो आणि जलद रेल्वे

दिल्ली मेट्रोचा पहिला टप्पा २४ डिसेंबर २००२ रोजी सुरू झाला. पुढे तिने राज्याची सीमा ओलांडली : २००९ मध्ये नोएडा, २०१० मध्ये गुरुग्राम, २०११ मध्ये गाझियाबादमधील वैशाली, २०१५ मध्ये फरिदाबाद आणि २०१८ मध्ये बहादूरगड. तरीही मेट्रोची स्थानके जवळजवळ असतात. म्हणून साठ-सत्तर किलोमीटरच्या प्रवासाला ती संथ पडते.

ही उणीव भरून काढण्यासाठी प्रादेशिक जलद वाहतूक प्रणालीची कल्पना पुढे आली. तिच्यासाठी २०१३ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय राजधानी प्रदेश परिवहन महामंडळात केंद्र शासनाचा वाटा ५० टक्के, तर चारही राज्यांचा प्रत्येकी १२.५ टक्के आहे. दिल्ली-गाझियाबाद-मेरठ हा ८२ किलोमीटरचा पहिला मार्ग. त्याच्या साहिबाबाद-दुहाई डेपो या १७ किलोमीटरच्या टप्प्यावर २० ऑक्टोबर २०२३ रोजी ‘नमो भारत’ गाडीचे उद्घाटन झाले आणि ५ जानेवारी २०२५ रोजी ही सेवा दिल्लीतील न्यू अशोक नगरपर्यंत पोहोचली. स्थानकांमधील अंतर अधिक आणि कमाल वेग ताशी १६० किलोमीटर असल्याने मेरठ-दिल्ली अंतर सुमारे एका तासात तोडता यावे, अशी रचना आहे.

मात्र खर्चाची वाटणी सोपी नव्हती. २०२३ मध्ये दिल्लीच्या वाट्याच्या निधीसाठी सर्वोच्च न्यायालयाला आदेश द्यावे लागले. सामाईक सुविधेचे लाभ सर्वांना हवे असतात, भार कोणी किती उचलावा यावर मतभेद होतात. सहकारी संघराज्याची कसोटी अशाच प्रसंगी लागते.

जोड हाच कळीचा मुद्दा

२०१८ मध्ये वाहतुकीस खुला झालेला पूर्व परिघीय द्रुतगती मार्ग दिल्लीत न येता पुढे जाणारी वाहने शहराबाहेरून वळवितो. दिल्लीत कामाला येणाऱ्याला त्याचा थेट उपयोग मर्यादितच. अशा प्रवाशाला गरज असते ती साधनांच्या परस्पर जोडणीची. आनंद विहार येथे रेल्वे टर्मिनल, मेट्रोच्या दोन मार्गिका, बसस्थानक आणि ‘नमो भारत’ एकत्र येतात, हे त्याचे उदाहरण. २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सामाईक मोबिलिटी कार्डाचा उद्देशही विविध साधनांसाठी एकच कार्ड असावे हाच आहे.

२००६ च्या राष्ट्रीय नागरी परिवहन धोरणाने वाहनांऐवजी माणसांच्या ये-जा करण्यास प्राधान्य दिले. या निकषावर पाहता, गाडीचा वेग हे प्रगतीचे अपुरे माप आहे. घरापासून स्थानकापर्यंतचा रस्ता, गाडी बदलताना लागणारा वेळ आणि तीन साधनांच्या तिकिटांचा एकूण खर्च कमी झाला, तरच रोजंदारीवर येणाऱ्या मजुराला जलद मार्गाचा लाभ मिळेल. अन्यथा तो मार्ग त्याच्या डोक्यावरून जाईल आणि तो खाली बसथांब्यावर ताटकळत राहील.