रक्ताची पत्रिका

जबलपूरहून नागपूरकडे निघालेल्या रस्त्यावर गढा नावाचा भाग लागतो. गोंड राजांचे हे जुने राजधानीचे ठिकाण होय. ह्याच परिसरात १९८४ साली भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने आदिवासींच्या आरोग्यासाठी एक संशोधन केंद्र सुरू केले. पुढे त्याला राष्ट्रीय संस्थेचा दर्जा मिळाला. ज्या विकारांच्या अभ्यासासाठी ही संस्था ओळखली जाते, त्यांत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक विकार प्रमुख आहे. मंडला, दिंडोरी, शहडोल ह्या शेजारच्या जिल्ह्यांत तो पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे. तो केवळ आदिवासींतच आढळतो, ही समजूत मात्र चुकीची आहे. सातपुड्याच्या दोन्ही अंगांना, विदर्भातही, अनेक जातींत तो दिसून येतो.

गोंडांमध्ये लग्न जुळविताना जन्मपत्रिका पाहण्याऐवजी कुळाचे देव मोजण्याची रीत आहे. चार देवे, पाच देवे, सहा देवे, सात देवे असे कुळांचे गट असतात, आणि एकाच गटातील कुळांत सोयरीक होत नाही. ह्या प्रदेशात आता आणखी एक पत्रिका येऊन पोहोचली आहे. १ जुलै २०२३ रोजी शहडोल येथे सिकलसेल निर्मूलनाच्या राष्ट्रीय मोहिमेस आरंभ झाला. सतरा राज्यांतील चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी माणसांचे रक्त तपासावे आणि प्रत्येकाच्या हाती त्याच्या रक्ताची स्थिती सांगणारे कार्ड द्यावे, असा तिचा संकल्प आहे. २०२५ च्या मध्यापर्यंत सहा कोटींहून अधिक लोकांची तपासणी झाली. त्यांत सुमारे दोन लाख रोगी आणि सोळा ते सतरा लाख वाहक आढळले.

एवढ्या माणसांचा तपशील गोळा करून काय साधावयाचे, हे कळण्यासाठी प्रथम विकाराकडे वळले पाहिजे. रक्तातील तांबड्या पेशी एरवी वाटोळ्या व लवचिक असतात आणि बारीक केशवाहिन्यांतून वाकून निघून जातात. सिकलसेलच्या रोग्यात प्राणवायू कमी पडताच त्या ताठर होऊन विळ्यासारख्या वाकड्या होतात. मग त्या वाटेत अडकतात व रक्ताचा पुरवठा खुंटतो. त्यामुळे हाडांत, छातीत, पोटात असह्य वेदना उठतात. निरोगी पेशी सुमारे १२० दिवस जगते. ही पेशी दहा ते वीस दिवसांतच नष्ट होते, म्हणून रक्त सदैव अपुरे पडते. शिकागो येथील जेम्स हेरिक ह्या वैद्याने १९१० साली अशा पेशींचे पहिले वर्णन प्रसिद्ध केले. १९४९ साली लायनस पॉलिंग व त्याच्या सहकाऱ्यांनी दोष हीमोग्लोबिनच्या रेणूत आहे असे दाखविले. पुढे काही वर्षांतच व्हर्नन इन्ग्रॅमने त्या रेणूच्या एका साखळीतील १४६ घटकांपैकी सहाव्या स्थानावरचा एकच घटक बदललेला असतो, हे शोधून काढले. भारतात ह्या विकाराची पहिली नोंद १९५२ साली निलगिरीतील आदिवासींमध्ये झाली.

ह्या हीमोग्लोबिनाची सूचना आपणांस आईकडून एक व बापाकडून एक अशी मिळते. दोन्ही सूचना निर्दोष असल्या तर कार्डावर ‘एए’ असे लिहितात. एक निर्दोष व एक सदोष असली तर ‘एएस’. असा मनुष्य वाहक होय. दोन्ही सदोष असल्या तर ‘एसएस’, म्हणजे रोगी. वाहक आजारी नसतो. तो शेत नांगरतो, शाळा शिकतो, म्हातारा होतो. उलट, त्याला लहानपणी तीव्र हिवतापापासून काहीसे संरक्षणच मिळते, हे अँथनी अ‍ॅलिसनने १९५४ साली आफ्रिकेतील निरीक्षणांवरून दाखविले. हिवतापाच्या जंगली मुलखात हा दोष का टिकून राहिला, ह्याचे उत्तर त्यात आहे. ‘अर्धा दोष’ म्हणजे ‘अर्धा आजार’ असा अर्थ लोक सहज करतात. कार्ड देणाऱ्याने पहिल्याच भेटीत तो खोडून काढावयास हवा.

दोन वाहकांचा विवाह झाला तर प्रत्येक गर्भधारणेच्या वेळी मूल रोगी होण्याची शक्यता शेकडा २५, वाहक होण्याची ५० व पूर्ण निर्दोष असण्याची २५ असते. ‘प्रत्येक गर्भधारणेच्या वेळी’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. पहिले मूल रोगी निघाले म्हणजे पुढची तीन सुरक्षित झाली, असे मानणारे आईबाप थोडे नसतात. पण निसर्ग मागचा हिशेब ठेवीत नाही. मोहिमेतील कार्डाची रचना ह्याच गणितावर केलेली आहे. पुरुषाचे कार्ड स्त्रीच्या कार्डावर ठेवले की कापलेल्या खिडक्यांतून त्या जोडप्याच्या अपत्यांविषयीचे उत्तर दिसते. अक्षरओळख बेताची असली तरी हे जुळवून पाहता येते.

परंतु लग्न जुळविणे हा ह्या पत्रिकेचा एकच उपयोग, आणि बहुधा अधिक गाजलेला. तिचा दुसरा उपयोग शांतपणे चालतो: योग्य माणसाला योग्य उपचाराशी जोडून देणे. फिकट दिसणाऱ्या शाळकरी मुलाला लोहाच्या गोळ्या देण्याची पद्धत सर्वत्र आहे. सिकलसेलच्या रोग्याचे रक्त मात्र लोहाच्या अभावाने कमी झालेले नसते. त्या गोळ्यांनी त्याचा मूळ विकार हटत नाही, आणि वारंवार रक्त घेतलेल्या रोग्याच्या अंगात तर लोह आधीच साठलेले असते. त्याला फॉलिक आम्ल हवे असते. लहान वयात जंतुसंसर्गापासून बचावासाठी रोज पेनिसिलिन व न्यूमोनियाची लस हवी असते. वेदना वारंवार होत असतील तर हायड्रॉक्सियुरिया हे औषध उपयोगी पडते. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील चाचणीत त्याने वेदनेचे झटके जवळजवळ निम्म्याने कमी केल्याचे दिसले. पण ते घेणाऱ्याच्या रक्तातील पेशींची गणना ठरावीक काळाने करावी लागते. ‘एसएस’ अशी दोन अक्षरे नोंदलेली असली, तर सांधे दुखतात म्हणून संधिवाताची औषधे देण्याची चूक टळते, आणि शस्त्रक्रियेच्या वेळी भूल देणारा वैद्य सावध राहतो.

ह्यासाठी नोंद पुरेशी तपशीलवार असली पाहिजे. गावातच करता येणारी द्राव्यता चाचणी स्वस्त आहे: रक्ताचा थेंब एका विशिष्ट द्रावणात टाकला असता सदोष हीमोग्लोबिन गढूळ होते, व नळीमागच्या रेघा दिसेनाशा होतात. पण ते रक्त वाहकाचे की रोग्याचे, हे ती सांगत नाही. त्यासाठी प्रयोगशाळेत हीमोग्लोबिनाचे प्रकार वेगवेगळे करून मोजावे लागतात. जबलपूरच्या संस्थेतील अभ्यासात आणखी एक गुंता पुढे आला. काही रोग्यांना एका पालकाकडून सिकलसेलचा व दुसऱ्याकडून थॅलेसेमियाचा दोष मिळालेला असतो. अशा घरी केवळ ‘सिकलसेल’ एवढीच नोंद केली, तर दुसऱ्या बाजूच्या नातलगांना देण्याचा सल्ला चुकेल.

अशा पत्रिका वाटण्याचे प्रयोग जगात पूर्वीही झाले आहेत. अमेरिकेत १९७०च्या सुमारास अनेक राज्यांनी तपासणी सक्तीची केली. समजावून सांगण्याची व्यवस्था मात्र तोकडी होती, आणि निरोगी वाहकांनाही नोकऱ्या व विमा नाकारला गेला. ग्रीसमधील ऑर्कोमेनोस गावी तर सर्वांना तपासून सल्ला दिला गेला. काही वर्षांनी पाहिले असता वाहकांची आपसांतील लग्ने घटलेली नव्हती. वाहकांना कमीपणा चिकटला होता, म्हणून पुष्कळांनी आपली स्थिती लपविली होती. न्यूयॉर्कमधील सनातनी यहुदी समाजात टे-सॅक्स ह्या दुसऱ्या आनुवंशिक रोगासाठी १९८३ साली निराळी युक्ती निघाली. तरुणाला त्याचा निकाल सांगतच नाहीत. केवळ एक क्रमांक देतात. सोयरीक निघाली की दोन्ही क्रमांक कळवावयाचे, आणि उत्तर त्या जोडीपुरते मिळते. सायप्रसमध्ये विवाहापूर्वीची थॅलेसेमियाची तपासणी चर्चने आवश्यक केली. तेथे वाहक जोडपी बहुधा लग्ने मोडीत नाहीत. गर्भावस्थेतील परीक्षेचा आधार घेतात. रोगी बालकांचे जन्म तेथे जवळजवळ थांबले.

क्रमांकाची युक्ती मंडल्यात चालणार नाही. तेथे रोग्याला स्वतःचा विकार ठाऊक असणे हीच उपचाराची पहिली पायरी आहे. परंतु कार्ड कोणी कोणाला दाखवावयाचे, हा प्रश्न ऑर्कोमेनोसइतकाच येथेही बिकट आहे. मुलीचे कार्ड मागितले व मुलाचे पेटीतच राहिले, तर जुळवणी होत नाही. केवळ एका घराची बदनामी होते. सल्लागाराने दोन्ही कार्डे एकत्र पाहावीत, वाहकांच्या सोयरिकीस मनाई न करता पुढचे मार्ग सांगावेत, आणि कार्ड ज्याचे त्याच्याच हाती ठेवावे. वडीलधाऱ्यांच्या बैठकीत ते मोठ्याने वाचण्याची गरज नाही.

मोहिमेच्या नोंदी संगणकावरही ठेवल्या जातात. मंडल्याची मजूर कुटुंबे कामासाठी जबलपूर-नागपूरकडे जातात, आणि घरचे कार्ड गावी राहते. झटका आला म्हणजे परक्या दवाखान्यात तीच नोंद उघडता आली पाहिजे. अनेक नावे सारखीच असतात आणि लिहिणाऱ्यागणिक बदलतात. म्हणून नोंद नावावरून शोधण्यापेक्षा क्रमांकावरून शोधणे सोयीचे पडते.

सर्वांत अवघड गाठ नवजात बालकाची आहे. जन्मतः बालकाच्या रक्तात गर्भावस्थेतील हीमोग्लोबिन भरपूर असते; ते सदोष हीमोग्लोबिनाला झाकून ठेवते. म्हणून पहिल्या सहा महिन्यांत द्राव्यता चाचणी विश्वसनीय ठरत नाही. टाचेतून घेतलेले रक्ताचे थेंब कागदावर वाळवून प्रयोगशाळेकडे धाडावे लागतात, आणि पेनिसिलिन सुरू करण्याची वेळ निघून जाण्यापूर्वी निकाल त्या पाड्यावर परत पोहोचावा लागतो.