आरमार कोणाच्या पैशावर?

नानासाहेब पेशव्यांनी इंग्रजांना हाताशी धरून मराठ्यांचे आरमार बुडवले, हे वाक्य मराठी वाचक शाळेपासून ऐकत आलेला असतो. त्याला ठरावीक उत्तरही मिळते: तुळाजी आंग्रे बंडखोर होता, छत्रपतींच्या राज्यात राहून राज्याचेच वाकडे चिंतत होता, त्याचा बंदोबस्त करणे भाग होते. दोन्ही बाजूंनी दीडशे वर्षे कागदपत्रे काढली आणि वाद घातला, पण हा वाद फिरत राहिला तो माणसांच्या स्वभावाभोवती. पेशवे अदूरदर्शी होते की नाहीत, तुळाजी उद्दाम होता की स्वाभिमानी, यातच तो अडकला. माझ्या मते तुळाजींवरच्या १७५५-५६ च्या मोहिमांचा खरा उलगडा स्वभावातून होत नाही, जमाखर्चातून होतो. हे बंड मोडायला निघालेली जहाजे कोणाच्या पैशावर चालत होती, त्या पैशाची भरपाई कुठून व्हायची होती आणि ती कोणी दिली, हे पाहिले की विजयदुर्गाची घटना वेगळी दिसू लागते. तिचे धागे थेट कोल्हापूरच्या दरबारापर्यंतही येतात.

हा प्रश्न आजच्या अभ्यासकाने मागाहून लादलेला नाही. तो अठराव्या शतकाच्या आरंभीच पन्हाळ्याच्या दरबारात विचारला गेला होता. रामचंद्रपंत अमात्यांची आज्ञापत्रे कोल्हापूरकर संभाजीराजांच्या कारकिर्दीतली, १७१५ च्या सुमाराची. आरमाराला राज्याचे स्वतंत्र अंग मानणारे त्यातले प्रकरण सर्वांना ठाऊक असते, पण त्याच प्रकरणात आरमाराच्या खर्चाचा जो विचार आहे त्याकडे फारसे लक्ष जात नाही. आरमाराच्या पोटासाठी ठरावीक मुलूख नेमून द्यावा, ते बंदरांच्या उत्पन्नावर सोडू नये, नाहीतर सावकारांना उपद्रव होईल आणि बंदरेच बसतील, असा अमात्यांचा हिशेब आहे. दुसऱ्या एका प्रकरणात टोपीकरांविषयी, म्हणजे युरोपीय व्यापाऱ्यांविषयी, बजावले आहे की हे इतर सावकारांसारखे सावकार नव्हेत, यांच्या पाठीशी त्यांचे राजे आहेत आणि यांची नजर मुलखावर आहे. किनाऱ्यावर वखारीसाठी त्यांना मोक्याची जागा देऊ नये. ही दोन्ही प्रकरणे एकत्र वाचली तर पुढच्या शंभर वर्षांच्या कोकणच्या इतिहासाची रूपरेषाच हाती येते. आरमार स्वतःच्या मिळकतीवर सोडले तर ते धन्याच्या हाताबाहेर जाते आणि व्यापाऱ्याचे आरमार बोलावले तर ते परत जात नाही. मराठी राज्याने या दोन्ही चुका केल्या, आणि पहिली निस्तरण्यासाठी दुसरी केली.

पहिल्या चुकीचे मूळ १७१३ पर्यंत जाते. कान्होजी आंग्रे तेव्हा ताराबाईंच्या पक्षाचे सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख, होते. बाळाजी विश्वनाथांनी त्यांना शाहू महाराजांच्या बाजूला वळवले आणि त्या बदल्यात कोकणातले किल्ले व मुलूख त्यांच्याकडे राहिले. शाहू महाराजांच्या दृष्टीने हा स्वस्तातला सौदा होता. सातारच्या खजिन्यातून आरमारासाठी पैसा काढावा लागत नव्हता. आंग्र्यांनी आपल्या मुलखाच्या वसुलावर, दस्तकांच्या, म्हणजे समुद्रावरच्या परवान्यांच्या, पैशावर आणि दस्तक न घेणाऱ्या जहाजांच्या लुटीवर गुराबा-गलबते बाळगायची. शिवाजी महाराजांचे आरमार सरकारचे होते. कान्होजींच्या हाती ते सरकारी हुद्द्याखाली चाललेले घराण्याचे आरमार झाले. कान्होजींच्या कर्तबगारीमुळे हा फरक झाकून गेला. ४ जुलै १७२९ रोजी ते वारले आणि तो उघडा पडला, कारण घराण्याची मालमत्ता म्हटली की वाटणी आलीच. पुत्र सेखोजींनंतर मानाजी आणि संभाजी या भावांत तंटा लागला, १७३५ मध्ये बाजीरावांनी मध्यस्थी करून कुलाबा मानाजींकडे आणि सरखेली संभाजींकडे ठेवली, आणि आरमाराचे सरळ दोन तुकडे झाले. संभाजींच्या मागे दक्षिणेकडचा वाटा तुळाजींकडे आला. सुवर्णदुर्ग आणि विजयदुर्ग हे त्याचे मुख्य आधार होते.

तुळाजींनी केले त्याला बंड म्हणावे का? पेशव्यांना खंडणी न देणे, सावंतांशी आणि बावडेकर अमात्यांशी भांडणे, पेशव्यांच्या मुलखात धामधूम करणे हे सारे घडलेले आहे. १७४८ मध्ये मुडागडावरून उघड लढाईही झाली. पण सरखेली ही छत्रपतींनी दिलेली, पेशवाईही त्यांनीच दिलेली, मग एका चाकराने दुसऱ्याची ताबेदारी का मानावी, हा प्रश्न तुळाजींपुरता नव्हता. डिसेंबर १७४९ मध्ये शाहू महाराज वारले, सत्ता साताऱ्याहून पुण्याला आली आणि कालपर्यंतचा घरातला तंटा आज बंड ठरला. तरीही मी तुळाजींची वकिली करणार नाही. स्वतःच्या मिळकतीवर जगणाऱ्या आरमाराला समुद्रावरच्या मालावर हात टाकत राहावाच लागतो, आणि तो माल अनेकदा स्वकीयांचाच असतो. अमात्यांनी सांगितलेला धोका तो हाच होता.

आता दुसरी बाजू पाहू. मुंबई १६६८ पासून ईस्ट इंडिया कंपनीकडे होती आणि ‘बॉम्बे मरीन’ हे तिचे आरमार भागधारकांच्या भांडवलावर उभे होते. प्रत्येक तोफ, प्रत्येक खलाशाचा पगार शेवटी लंडनच्या हिशेबवहीत खर्चाच्या बाजूला पडायचा. आंग्र्यांपासून स्वतःची जहाजे सांभाळायला कंपनीला दरसाल ५० हजार पौंड खर्च येत होता, असे तिचा इतिहासकार रॉबर्ट ऑर्म सांगतो. १७१७ ते १७२१ या काळात विजयदुर्ग, खांदेरी आणि कुलाब्यावर केलेले हल्ले फसले होते. १७४९ मध्ये तुळाजींनी कंपनीचे ‘रिस्टोरेशन’ हे लढाऊ जहाज पकडले आणि १७५४ मध्ये डचांच्या तीन जहाजांचा फडशा पाडला. दरसालचा हा खर्च एका मोहिमेत कायमचा मिटत असेल आणि वर बंदरही मिळत असेल, तर व्यापाऱ्याच्या दृष्टीने तो सौदा उत्तमच. त्यात पेशव्यांकडून बोलावणे आले. १९ मार्च १७५५ रोजी मुंबईचा गव्हर्नर रिचर्ड बर्चियर आणि पेशव्यांचे सरसुभेदार रामाजी महादेव यांच्यात करार झाला. त्याची कलमे सावकाश वाचण्याजोगी आहेत. दर्यावरची सारी जहाजे इंग्रजांच्या हुकमतीखाली राहायची. पकडलेली जहाजे दोघांत वाटायची. किल्ल्यांतला खजिना, तोफा, सामान मराठ्यांचे. इंग्रजांना बाणकोट, म्हणजे हिंमतगड, त्याखालची खाडी आणि पाच गावे कायमची मिळायची. मराठ्यांना दगड आणि लोखंड मिळाले. समुद्रावरची हुकमत आणि खाडीचे तोंड कंपनीने पदरात पाडून घेतले. वखारीसाठीसुद्धा जागा देऊ नये असे जिथे बजावले होते, तिथे किल्ल्यासकट खाडी दिली गेली.

कराराला तीनच दिवस झाले होते तोच कमोडोर विल्यम जेम्स मुंबईहून निघाला. त्याच्याकडे ४४ तोफांचे ‘प्रोटेक्टर’ आणि आणखी तीन लहान जहाजे होती. पेशव्यांच्या बाजूने सात गुराबा आणि साठेक गलबते होती. ही संख्या महत्त्वाची आहे: पेशव्यांजवळ आरमार अगदीच नव्हते असे म्हणता येत नाही. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात सुवर्णदुर्गावर तोफा चालल्या, आतल्या दारूकोठाराने पेट घेतला आणि किल्ला पडला. ८ तारखेला बाणकोट हाती आले. पुढे दाभोळवर चालून जावे म्हणून रामाजीपंतांनी जेम्सला दोन लाख रुपये देऊ केले. मुंबईने नकार दिला आणि पावसाळा तोंडावर आल्याचे कारण पुढे केले. कारण खोटे नव्हते. पण बाणकोट मिळाले होते आणि हंगाम संपत होता. अशा वेळी मोहीम कुठवर न्यायची हे पेशव्यांचा सरसुभेदार ठरवू शकला नाही, ते मुंबईच्या कौन्सिलने ठरवले. जेम्स पुढे श्रीमंत होऊन मायदेशी गेला, कंपनीच्या संचालक मंडळाचा अध्यक्ष झाला आणि १७८३ मध्ये वारला. त्याच्या विधवेने १७८४ मध्ये लंडनच्या शूटर्स हिलवर त्याच्या स्मरणार्थ बांधलेला मनोरा अजून उभा आहे. त्याचे नाव ‘सेव्हर्नड्रूग’, म्हणजे आपला सुवर्णदुर्ग.

विजयदुर्गाची मोहीम पुढच्या हंगामात झाली आणि तिथे एक रास्त आक्षेप उभा राहतो. अॅडमिरल चार्ल्स वॉटसनचा ताफा इंग्लंडच्या राजाचा होता, कंपनीचा नव्हे. मग याला खाजगी पैशाचे आरमार कसे म्हणायचे? ताफा राजाचा होता, हे खरे. पण तो हिंदुस्थानात आला होता कंपनीच्या विनंतीवरून, त्याच्या सोबतीला कंपनीची जहाजे होती आणि जमिनीवरचा सेनानी रॉबर्ट क्लाइव्ह कंपनीचाच चाकर होता. शिवाय खाजगी हितसंबंध इथे आणखी खोल गेले होते. निघण्यापूर्वीच मुंबईत अधिकाऱ्यांची बैठक बसली, लुटीत कोणाचा किती वाटा हे ठरले आणि क्लाइव्हच्या वाट्यावरून वादही झाला. त्या वाटणीत मराठ्यांचे नाव नव्हते. किल्ल्यातला खजिना मराठ्यांचा, हे अकरा महिन्यांपूर्वीचे कलम कोणाच्या हिशेबात राहिले नव्हते. ७ फेब्रुवारी १७५६ रोजी ताफा निघाला. तुळाजी स्वतः मराठ्यांच्या छावणीत बोलणी करायला गेले होते. १२ तारखेला तोफा सुरू झाल्या, एक गोळा खाडीत नांगरलेल्या ‘रिस्टोरेशन’वर पडला आणि तिथून पसरलेल्या आगीत आंग्र्यांचे सबंध आरमार जळाले. त्या रात्री क्लाइव्हने किल्ला आणि मराठ्यांची छावणी यांच्यामध्ये आपली माणसे उतरवली. दुसऱ्या दिवशी किल्ला इंग्रजांच्या ताब्यात गेला. हाती लागलेली दहा लाखांवरची लूट जिंकणाऱ्यांनी आपसांत वाटून घेतली. त्यातून राजासाठी काही काढले नाही आणि कंपनीसाठीही नाही. तुळाजींचे उरलेले आयुष्य मराठ्यांच्या कैदेत गेले.

करारानुसार किल्ला पेशव्यांना मिळायला हवा होता. कंपनीने तो आठ महिने दाबून ठेवला आणि बाणकोट परत घ्या, विजयदुर्ग आम्हाला द्या, असा नवा सौदा मांडला. अखेर १२ ऑक्टोबर १७५६ च्या पुण्याच्या तहाने विजयदुर्ग परत आला. त्यासाठी बाणकोटची गावे पाचाची दहा झाली आणि मराठी मुलखात डचांना व्यापारबंदी करण्याचे वचन द्यावे लागले. हे शेवटचे कलम मला सगळ्यांत बोलके वाटते. तुळाजींच्या बंडाशी डचांच्या व्यापाराचा काय संबंध? बंड मोडण्याच्या हिशेबात प्रतिस्पर्धी व्यापाऱ्याला बाहेर काढण्याचा खर्चही वसूल झाला, इतकाच. दरम्यान वॉटसन आणि क्लाइव्ह पूर्वेकडे गेले होते. १७५७ च्या जानेवारीत त्यांनी कलकत्ता परत घेतले आणि जूनमध्ये प्लासी झाली.

पेशव्यांच्या बाजूने सर्वांत भक्कम मुद्दा वेगळा आहे, आणि तो मी टाळणार नाही. आरमार १७५६ मध्ये संपले नाही. विजयदुर्गाला पेशव्यांचा आरमारी सुभा उभा राहिला, आनंदराव धुळपांनी तो नावारूपाला आणला आणि १७८३ मध्ये त्यांनी कंपनीचे ‘रेंजर’ जहाज लढून जिंकले. धुळपांचा पराक्रम निर्विवाद आहे. उलट मला तर वाटते, सरकारी खर्चाने सरकारी सुभा चालवता येतो हे धुळपांनीच सिद्ध केले. मग तोच पैसा आणि तीच निष्ठा १७५० मध्ये का उभी करता आली नाही? कारण दौलतीचे लक्ष घाटावर होते. विजयदुर्ग पडला तेव्हा नानासाहेब सावनूरच्या मोहिमेत गुंतले होते. समुद्र हा कोणाकडे तरी मक्त्याने देऊन टाकायचा विषय होता. आधी तो आंग्र्यांना दिला, ते ऐकेनात म्हणून कंपनीला दिला. सुभा उभा राहीपर्यंत मुंबईला रोखील असा दुसरा ताफा किनाऱ्यावर उरला नव्हता. डिसेंबर १७७४ मध्ये कंपनीने ठाणे घेतले, तेव्हा धुळपांचे आरमार ते थांबवू शकले नाही.

या व्यवहाराची सर्वांत मोठी किंमत भरली कोल्हापूरने, आणि १७५५ च्या करारावर कोल्हापूरची सहीसुद्धा नव्हती. सातारा आणि कोल्हापूर यांच्यातल्या वारणेच्या तहानंतर मालवण आणि सिंधुदुर्ग करवीरच्या छत्रपतींकडे होते. विजयदुर्ग शाबूत असेतो त्याला वळसा घालून दक्षिणेकडे येणे मुंबईला सोपे नव्हते. तो आडोसा गेल्यावर नऊ वर्षांत, जानेवारी १७६५ मध्ये, मेजर गॉर्डन आणि कॅप्टन जॉन वॉटसन सिंधुदुर्गावर आले. हा वॉटसन ‘बॉम्बे मरीन’चा, म्हणजे निव्वळ कंपनीचा, पुढे ठाण्याच्या वेढ्यात तो मारला गेला. शिवाजी महाराजांनी बांधलेल्या सिंधुदुर्गाचे नाव ‘फोर्ट ऑगस्टस’ झाले. पण किल्ला राखणे परवडेना आणि पाडणेही जमेना, तेव्हा कंपनीने तो विकावा तसा परत केला. कोल्हापूरच्या जिजाबाई राणीसाहेबांबरोबर १७६६ च्या जानेवारीत तह झाला, त्यात सुमारे ३ लाख ८२ हजार रुपये आणि मालवणला वखारीची परवानगी लिहून घेतली. १७९२ च्या तहात व्यापाऱ्यांची नुकसानभरपाई आली, मालवणबरोबर खुद्द कोल्हापुरात वखार आली. प्रत्येक वेळी कारण चाचेगिरीचे, आणि मागणी वखारीची.

१ ऑक्टोबर १८१२ च्या तहाने मालवणचे बंदर आणि सिंधुदुर्ग कायमचे कंपनीकडे गेले आणि लढाऊ जहाजे बाळगण्याचा हक्क कोल्हापूरने सोडून दिला.