मुंबई-नागपूर : विमानाचा दीड तास आणि आपले सहा तास

पोटासाठी मुंबईत राहणाऱ्या आणि आई-वडील नागपुरात असणाऱ्या कुटुंबांत एक प्रश्न हमखास निघतो : विमानाने गेलो तर किती वेळ लागेल? तिकिटावर उत्तर असते, सुमारे दीड तास. ते उत्तर अर्धेच आहे. पुरा हिशेब आम्ही येथे मांडतो.

आधी अंतर पाहू. मुंबई ते नागपूर सरळ हवाई अंतर सुमारे ६८० किलोमीटर आहे. भुसावळमार्गे रेल्वेने तेच ८३७ किलोमीटर भरते, कारण रुळांना घाट चढावा लागतो, वळणे घ्यावी लागतात.

मग ताशी ८०० किलोमीटरच्या आसपास उडणाऱ्या विमानाला दीड तास कशाला? हा वेग उंचीवर पोहोचल्यावरचा असतो. चढताना व उतरताना तो कमी असतो. शिवाय मुंबई विमानतळाच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात. दोन्ही एकाच वेळी वापरता येत नाहीत, म्हणून विमानांनाही रांग लावावी लागते. हा रांगेतला वेळ वेळापत्रकात धरलेला असतो.

आता घरापासून घरापर्यंतचा हिशेब. घाटकोपरहून विमानतळ एक तास. तेथे दोन तास आधी हजर राहणे बरे, कारण सामानाचा काउंटर तासभर आधी बंद होतो. विमानात दीड तास. उतरून सामान घेण्यास अर्धा तास. नागपूरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळावरून इंदोऱ्याला पाऊण तास. बेरीज झाली पावणेसहा तास!

दुरंतो गाडी रात्री मुंबईहून सुटते आणि सुमारे अकरा तासांनी, सकाळी नागपूरला पोहोचते. हे तास झोपेत जातात, रोजंदारी बुडत नाही. सणासुदीला, लग्नकार्याला गाडीच बरी.

खरी कसोटी लागते ती घरी कोणी अत्यवस्थ असल्याचा किंवा मयतीचा निरोप आला तर. निरोप सकाळी आला, तर विमानाने संध्याकाळच्या आत पोहोचता येते. गाडीने दुसरा दिवस उजाडतो. निरोप रात्री आला आणि शेवटचे विमान गेलेले असले, तर सकाळच्या विमानाची वाट पाहण्यापेक्षा, जागा मिळत असल्यास, रात्रीची गाडी पकडावी. दोन्हींनी पोहोचण्याच्या वेळेत फारसा फरक उरत नाही, आणि ऐनवेळचे विमानभाडे बहुधा फार चढलेले असते. कर्ज काढून ते भरण्याआधी घड्याळ समोर ठेवून एवढी बेरीज जरूर करावी.

विमानानेच जायचे ठरले, तर ओळखपत्र जवळ ठेवा. नवी मुंबईचे विमानतळही २०२५ मध्ये सुरू झाले आहे. तेव्हा तिकिटावर कोणते विमानतळ व कोणते टर्मिनल लिहिले आहे, ते घर सोडण्यापूर्वी मुलांकडून वाचून घ्या.