चित्रातली राजकन्या आणि शिंप्याची कात्री

जत्रेत तुम्ही बहुरूपी पाहिला असेल. सकाळी तो फौजदार होतो, दुपारी देव होतो. लोक हसतात, दोन पैसे देतात. पण त्या कपड्यांत त्याला किती उकडते, ते कोठे काचतात, हे कोणी विचारीत नाही.

आज आम्ही तुम्हांला अशाच एका सोंगाची गोष्ट सांगणार आहोत. हे सोंग दूर अमेरिकेतले आहे. ते आहे राजकन्येचे.

बारमाही जत्रा

अमेरिकेत कॅलिफोर्निया नावाचे राज्य आहे. तेथे वॉल्ट डिस्ने नावाचे गृहस्थ चित्रपट काढीत. १९५५ साली त्यांनी ॲनाहाइम या गावी एक मोठी बाग उघडली. तिचे नाव डिस्नीलँड. पुढे १९७१ साली त्यांच्या कंपनीने फ्लोरिडा राज्यात दुसरी बाग उघडली. ती पहिलीहून कितीतरी मोठी आहे.

बाग म्हणजे नुसती फुलझाडे नव्हेत. पाळणे, होड्या, आगगाडी, किल्ला, मिरवणूक, सारे तेथे असते. आपली जत्रा चार दिवसांत उठते. ही जत्रा वर्षभर चालते. आत जायला तिकीट पडते.

याच कंपनीने राजकन्यांच्या गोष्टींवर चित्रपट काढले आहेत. १९३७ साली ‘स्नो व्हाइट’ निघाला. १९५० साली ‘सिंड्रेला’ निघाला. त्यांतली माणसे खरी नाहीत. ती हाताने काढलेली चित्रे आहेत. हजारो चित्रे एकामागून एक भरभर दाखवली, की चित्रातली मुलगी चालते, नाचते, गाते.

पोरे हे चित्रपट पाहतात. मग बागेत आली की विचारतात, “आई, सिंड्रेला कुठं आहे गं?” म्हणून बागेत तरुण मुली कामाला ठेवतात. त्या राजकन्येचा पोशाख आणि केसांचा टोप घालतात. मुलांशी गोड बोलतात. त्यांना जवळ घेऊन फोटो काढू देतात.

आता तुम्ही म्हणाल, यात अवघड ते काय? चित्रात झगा आहे, तसाच शिवायचा अन् घालायचा! पण खरी अडचण येथेच आहे.

कागदाला घाम येत नाही

चित्रातल्या झग्याला वजन नसते. त्याला शिवण नसते, अस्तर नसते, हूक नसतो. राजकन्या गर्रकन फिरली तरी झगा पायात अडकत नाही. चित्रकाराने काढला तसा तो राहतो. त्याला कधी मळ लागत नाही.

खऱ्या झग्याचे तसे नाही. घोळ मोठा हवा असेल तर कापड पुष्कळ लागते. कापड वाढले की वजन वाढते. घोळ फुगीर दिसावा म्हणून आत ताठ परकर लागतो. कंबर बारीक दिसावी म्हणून चोळी आवळावी लागते. फ्लोरिडात उन्हाळ्यात पारा ३२-३३ अंशांवर जातो. हवा दमट असते. आपल्या कोकणात मे महिन्यात अंग कसे चिकचिकते, ते तुम्हांला ठाऊक आहे. तशा हवेत हा झगा घालून हसतमुख उभे राहायचे!

शिवाय नुसते उभे राहून भागत नाही. पोर लहान असते. त्याच्याशी बोलायला गुडघ्यावर बसावे लागते. पोर येऊन गळ्यात पडते. त्याचे हात आइस्क्रीमने बरबटलेले असतात. झग्यावर चमकी खरखरीत असेल, तर पोराच्या गालाला ओरखडा उठतो. बाही तंग असेल, तर राजकन्येला हात उचलता येत नाही.

म्हणून पोशाख पुन्हा पुन्हा नव्याने आखावे लागतात.

नवा पोशाख कसा तयार होतो?

आधी चित्रकार कागदावर पोशाख काढतो. मग तो बेतणाऱ्याच्या हाती येतो. नाटकाचे पोशाख करणारे कारागीर बहुधा आधी मांजरपाटासारख्या स्वस्त कापडाचा कच्चा नमुना शिवतात. तो अंगावर घालून पाहतात. त्यात बसता येते का? वाकता येते का? जिना चढता येतो का? जेथे ओढले जाते तेथे खूण करतात, तेथे कापड वाढवतात. मग भारी कापडाला कात्री लावतात. एकच राजकन्या पाळीपाळीने अनेक मुली होतात. म्हणून वेगवेगळ्या मापांचे पोशाख लागतात. शिवणीत माया सोडावी लागते, म्हणजे पुढे सैल करता येते. कापडही धुण्याला टिकणारे हवे.

पण एवढे करूनही ओळख बिघडता कामा नये. पोराने लांबून पाहून म्हटले पाहिजे, “ही बघा स्नो व्हाइट!” स्नो व्हाइटची चोळी निळी, घागरा पिवळा आणि मानेमागे उंच पांढरी कॉलर असते. ही तिची खूण. शिलाई बदलली तरी खूण राहू द्यायची, हे या कामातले खरे कसब आहे.

कधी कधी खूणसुद्धा बदलते. सिंड्रेलाचा झगा चित्रपटात रुपेरी पांढरा दिसतो. बागेत आणि बाहुल्यांवर मात्र तो फिकट निळा झाला. आता पोरे निळ्या झग्यालाच ओळखतात.

एरियल नावाची राजकन्या तर अर्धी मासोळी आहे. तिचा चित्रपट १९८९ सालचा. पायांवर शेपटी चढवली की माणसाला चालता कसे येणार? म्हणून शेपटीची एरियल एका जागी बसून मुलांना भेटते. हिंडायचे असेल, तेव्हा ती झगा घालते.

जॅस्मिन ही १९९२ च्या ‘अलादीन’ चित्रपटातली राजकन्या. चित्रात तिचे पोट उघडे आहे. पुढे बागेतल्या जॅस्मिनला अंगभर पोशाख मिळाला. कोणी म्हणाले, “जुनाच बरा होता.” कोणी म्हणाले, “दिवसभर परक्या लोकांत उभ्या राहणाऱ्या मुलीला हाच बरा.” आम्हांला दुसरे म्हणणे पटते.

शिवण उसवणारी राजकन्या

आता मेरिडाची गोष्ट ऐका. ‘ब्रेव्ह’ हा चित्रपट २०१२ साली निघाला. मेरिडा ही स्कॉटलंड देशातली राजकन्या. तिचे केस तांबडे, कुरळे आणि विस्कटलेले. ती धनुष्यबाण चालवते. आई तिला तंग झगा घालते. त्या झग्यात तिला धनुष्य ओढता येत नाही. तेव्हा ती अंगाला झटका देऊन झग्याची शिवणच उसवते आणि मग नेम साधते.

२०१३ च्या मे महिन्यात फ्लोरिडाच्या बागेत मेरिडाला समारंभाने राजकन्यांच्या पंक्तीत बसवले. त्याच सुमारास कंपनीने तिचे एक नवे चित्र प्रसिद्ध केले. त्यात तिची कंबर बारीक केली होती. झगा खांद्यावरून उतरता आणि चमचमता केला होता. धनुष्यबाण काढून टाकला होता.

हे पाहून पुष्कळ आईबाप रागावले. ही गोष्ट ज्यांनी रचली, त्या दिग्दर्शिका ब्रेंडा चॅपमन यांनीही जाहीर नापसंती दाखवली. निषेधाच्या अर्जावर दोन लाखांहून अधिक सह्या झाल्या. लोकांचे म्हणणे साधे होते. आमच्या मुलींना ही मुलगी धीट आहे म्हणून आवडते. तिला नुसती नटवी करू नका. मग कंपनीने आपल्या राजकन्यांच्या पानावर मेरिडाचे मूळचेच रूप ठेवले.

मंडळी, झगा म्हणजे नुसते कापड नव्हे. मुलीने कसे असावे, हे तो न बोलता सांगत असतो.

अलीकडचे एक उदाहरण याच कारणाने आम्हांला आवडले. टियाना ही २००९ च्या चित्रपटातली कृष्णवर्णी राजकन्या. आधी ती हॉटेलात वाढप्याचे काम करते. स्वतःचे हॉटेल काढायचे ही तिची जिद्द. २०२४ साली दोन्ही बागांत तिच्या नावाची होडीची सफर सुरू झाली. या सफरीत ती दलदलीच्या रानात वादक शोधत फिरते. चिखलात घोळदार झगा काय कामाचा? म्हणून तिला विजार आणि बूट दिले आहेत. काम तसा पोशाख!

झग्यातली बाई

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. पोशाख ज्याच्या अंगावर चढतो, त्याला कोणी विचारतो का?

२००१ सालापर्यंत फ्लोरिडाच्या बागेत सोंगे घेणाऱ्या कामगारांना पोशाखाखालचे, अंगालगतचे कपडेही सामाईक मिळत. आज एकाने घातलेले, धुऊन आले की उद्या दुसऱ्याला. ते नीट धुतले जात नाहीत, त्यामुळे अंगाला उवा आणि खरूज होते, अशी कामगारांची तक्रार होती. त्यांच्या संघटनेने मागणी लावून धरली, आणि प्रत्येकाला स्वतःचे वेगळे कपडे मिळू लागले.

पुढे मे २०२४ मध्ये कॅलिफोर्नियाच्या बागेत सोंगे घेणाऱ्या आणि मिरवणुकीत नाचणाऱ्या कलावंतांनी मतदान केले. संघटनेच्या बाजूने ९५३ मते पडली, विरुद्ध २५८. कामात इजा होऊ नये, हा त्यांच्या मागण्यांतला एक मोठा मुद्दा होता.

चित्रातली राजकन्या बोलत नाही, थकत नाही, आजारी पडत नाही. झग्यातली बाई थकते. घरी तिची पोरे वाट पाहत असतात. म्हणून पोशाख आखताना तीन माणसे डोळ्यांपुढे हवीत. पाहणारे पोर, शिवणारा कारागीर आणि घालणारी बाई. यांतले एक जरी विसरले, तर झगा कितीही झळकला तरी बिघडलाच म्हणायचा.

तुमच्या गावात पुढच्या जत्रेला बहुरूपी येईल. त्याला पैसे द्याल तेव्हा सावलीत बसवा, तांब्याभर पाणी द्या. सोंगाच्या आत माणूस असतो, एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे.