किल्ली घेताना मीटरचा आकडाही घ्या

बँकेची नोकरी म्हटली की बदली आलीच. माझी पहिली बदली परराज्यात झाली. भाड्याच्या घरात सामान लावायच्या घाईत मी विजेच्या मीटरकडे पाहिलेही नाही. अठरा दिवसांनी बिल आले, ५१४ युनिटचे. घरात आम्ही दोघे, एक फ्रिज आणि दोन पंखे. आधीचा भाडेकरू किती युनिट वापरून गेला, हे कोणालाच सांगता येईना. घरमालक म्हणाले, "बिल तुम्ही राहायला आल्यावर आलंय, तुम्हीच भरा." माझे म्हणणे खरे होते, पण पुरावा नव्हता. बिल मुकाट्याने भरले. दिवसभर खातेदारांना हिशेब समजावणाऱ्या मला स्वतःचा हिशेब मांडता आला नाही.

बँकेत पासबुक हाती आले की आपण आधी सुरुवातीची शिल्लक पाहतो. नव्या घरातल्या मीटरचा पहिला आकडा म्हणजे तीच सुरुवातीची शिल्लक. ती नोंदवली नाही, तर पुढचा हिशेब दुसऱ्याच्या शब्दावर चालतो.

मीटर कसे वाचावे?

इलेक्ट्रॉनिक मीटरच्या पडद्यावर तारीख, वेळ, व्होल्टेज, कमाल मागणी असे आकडे एकामागून एक येतात. ज्या आकड्याशेजारी 'केडब्ल्यूएच' ही अक्षरे दिसतात, तो आपल्या वापराचा आकडा. एक केडब्ल्यूएच म्हणजे एक युनिट. १,००० वॅटचे उपकरण सलग तासभर चालले की एक युनिट वीज खर्च होते.

इमारतीच्या तळमजल्यावर एकाच ठिकाणी वीस-पंचवीस मीटर असतात. त्यांतले आपले कोणते? मीटरवरचा क्रमांक बिलावरच्या मीटर क्रमांकाशी जुळवून पाहा. मग घरातील मेन स्विच बंद करा. मीटरवरचा लुकलुकणारा लाल दिवा थांबायला हवा. तो तरीही लुकलुकत राहिला, तर मीटर दुसऱ्याचे असेल किंवा आपल्या मीटरवरून दुसरीकडे वीज जात असेल. अशा वेळी स्वतः तारांना हात न लावता घरमालकाला आणि वीज कंपनीला कळवा.

पाइपने येणाऱ्या गॅसचा मीटर घनमीटरमध्ये मोजतो. त्याचाही फोटो त्याच दिवशी घ्या. स्मार्ट प्रीपेड वीज मीटर असेल, तर आकड्यासोबत त्या दिवशीची शिल्लक रक्कमही टिपून ठेवा.

एका आकड्याने किती फरक पडतो?

समजा, पहिल्या १०० युनिटना ४ रुपये आणि त्यापुढच्या युनिटना ७ रुपये दर आहे. (हे दर केवळ उदाहरणासाठी आहेत. प्रत्यक्ष दर राज्याराज्यांत वेगळे असतात.) एकाच बिलाच्या काळात आधीच्या भाडेकरूने ९० युनिट वापरले आणि तुम्ही ६०. एकूण झाले १५० युनिट.

पहिले १०० युनिट : ४०० रुपये
पुढचे ५० युनिट : ३५० रुपये
एकूण : ७५० रुपये

सुरुवातीचा आकडा तुमच्याकडे असेल, तर युनिटच्या प्रमाणात तुमचा वाटा होतो ३०० रुपये. स्थिर आकार दिवसांच्या प्रमाणात वाटून घ्यावा. आकडा नसेल, तर पूर्ण ७५० रुपये तुमच्याच माथी येऊ शकतात. घर सोडताना हाच वाद अनामत रकमेतून कपातीच्या रूपाने पुन्हा उभा राहतो. म्हणून निघतानाही फोटो घ्या.

नियम काय सांगतात?

वीज (ग्राहकांचे हक्क) नियम, २०२० नुसार घरात राहणारे बदलताना किंवा घर रिकामे होताना विशेष रीडिंग घेण्याची आणि अंतिम बिल देण्याची तरतूद आहे. मात्र ते करून घेण्याची जबाबदारी ग्राहकाची आहे. भाड्याच्या घरात बहुतेक वेळा वीजजोडणी मालकाच्या नावावर असते. त्यामुळे मालकालाच तसा अर्ज करायला सांगावे.

घर विकत घेत असाल, तर अधिक सावध राहा. आधीच्या मालकाची थकबाकी भरल्याशिवाय नवी जोडणी न देण्याची अट नियमांत असेल, तर वीज कंपनी ती लावू शकते, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये केरळ राज्य वीज मंडळाच्या प्रकरणात दिला आहे. म्हणून शेवटचा हप्ता देण्यापूर्वी अंतिम बिल भरल्याची पावती मागा. त्यानंतर जोडणी लगेच आपल्या नावावर करून घ्या. सुरक्षा ठेवीचे काय करायचे, हेही व्यवहारातच ठरवा. वीज कायदा, २००३ नुसार या ठेवीवर व्याज मिळते, म्हणजे तीही एक बचतच आहे.

किल्ली घेण्याच्या दिवशी

१. मालक किंवा त्यांचा माणूस समोर असताना मीटरचा फोटो घ्या. आकडा आणि मीटर क्रमांक दोन्ही स्पष्ट दिसावेत.
२. तो फोटो तेव्हाच मालकाला व्हॉट्सॲपवर पाठवा. सोबत तारीख आणि आकडा लिहा.
३. भाडेकरारात किंवा ताबापावतीवर तोच आकडा लिहून दोघांच्या सह्या घ्या.
४. मागच्या बिलाची आणि ते भरल्याच्या पावतीची प्रत मागून घ्या.
५. पहिले बिल आले की त्यावरची मागील आणि चालू रीडिंग आपल्या नोंदीशी ताडून पाहा. बिल सरासरीवर काढलेले असेल, तर मीटरचा ताजा फोटो जोडून लेखी तक्रार करा. वीज तक्रारींसाठी १९१२ हा क्रमांक आहे. दाद मिळाली नाही, तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आणि त्यानंतर विद्युत लोकपाल यांच्याकडे जाता येते.

या नोंदीचा आणखी एक उपयोग आहे. "बिल थकले आहे, आज रात्री वीज तोडू, या नंबरवर फोन करा," असे फसवे मेसेज अनेकांना येतात. नव्या घरात आलेला माणूस लवकर घाबरतो, कारण मागचे बिल भरले की नाही हे त्याला ठाऊक नसते. पावती हाताशी असेल, तर असा मेसेज सरळ पुसून टाकता येतो. तरीही फसवणूक होऊन पैसे गेलेच, तर ताबडतोब १९३० वर आणि आपल्या बँकेला कळवा.

पहिल्या घरातल्या त्या बिलानंतर माझी चार वेळा बदली झाली. आता सामानाचा टेम्पो दाराशी उभा असतो आणि मी आधी मीटरपाशी जातो. त्याला दोन मिनिटे लागतात. तेवढ्या वेळात टेम्पोवाले दोर सोडतात.