आत कोण, बाहेर कोण?

मुलांनो, कणकेच्या आठ छोट्या गोळ्या करा आणि एकमेकींना चिकटवा. आठही गोळ्या बाहेरून दिसतात ना? आता भोवती आणखी गोळ्या लावत जा. आधीच्या काही गोळ्या आत दडल्या की नाही? आईच्या पोटात आपलंही सुरुवातीला असंच झालं होतं!

तेव्हा आपण एकच पेशी होतो, मिलिमीटरच्या जेमतेम दहाव्या भागाएवढी. एकीच्या दोन झाल्या, दोनाच्या चार, चाराच्या आठ, आठाच्या सोळा. मग काही पेशी आत राहिल्या, बाकीच्या बाहेर. आणि गंमत म्हणजे, कोण कुठे आहे यावरून कामं वाटली गेली! पोलंडच्या तारकोव्स्की आणि व्रुब्लेव्स्का या शास्त्रज्ञांनी १९६७ साली उंदराच्या भ्रूणातल्या पेशी सुट्या करून वाढवल्या आणि ही कल्पना मांडली.

आतल्या पेशींपासून बाळ घडतं. बाहेरच्या थराचं नाव ट्रोफोब्लास्ट. त्याची कामगिरी तर बघा! या पेशी सोडियम आत ओढतात, त्याच्यामागोमाग पाणी शिरतं आणि पाचव्या दिवसापर्यंत भ्रूणाचा पोकळ गोळा होतो. मग तो आपलं कवच फोडून बाहेर येतो आणि गर्भाशयाच्या अस्तराला चिकटतो.

आता खरी जादू. चिकटलेल्या जागी अनेक पेशी आपापसांतल्या भिंती मोडतात आणि मिळून एकच अवाढव्य पेशी होते. तिच्यात केंद्रकं मात्र पुष्कळ! या पेशींना जोडतं एक प्रथिन, आणि ते बनवण्याची कृती आपल्याला एका विषाणूकडून मिळाली आहे. कोट्यवधी वर्षांपूर्वी तो आपल्या पूर्वजांच्या शरीरात शिरला आणि त्याचं जनुक आपल्यात कायमचं राहिलं.

बाहेरचा हाच थर एक संप्रेरक सोडून आईच्या शरीराला बाळ आल्याची वर्दी देतो. गर्भचाचणीच्या पट्टीवर रेघ उमटते ती त्यामुळेच.

पुढे याच पेशींपासून वार नावाचा अवयव वाढतो. आईचं आणि बाळाचं रक्त एकमेकांत मिसळत नाही. मधल्या पातळ पडद्यातून प्राणवायू आणि अन्न बाळाकडे जातं, बाळाकडचा कचरा आईकडे येतो. बाळ जन्मल्यावर ही सुमारे अर्धा किलोची वारही बाहेर पडते. ती आईच्या पोटात असली, तरी तिचा बहुतेक भाग बाळाच्याच पेशींचा असतो.

म्हणून तुम्ही सगळ्यात आधी कोणता अवयव घडवायला घेतलात, असं कुणी विचारलं, तर हृदय नाही, मेंदू नाही, बेधडक सांगा: वार!