हवल्लीचा बंद ऋतू

रेडॉन या किरणोत्सारी वायूला रंग नाही, वास नाही. त्याचा माग ठेवणारं स्वस्त साधन म्हणजे डबीत बसवलेला नखाएवढा प्लास्टिकचा तुकडा. सीआर-३९ हे प्लास्टिक चष्म्यांच्या भिंगांसाठीही वापरतात. रेडॉनचा अणू फुटताना सुटलेला अल्फा कण त्यावर आदळला की तिथले रेणूबंध तुटतात. मग तुकडा गरम कॉस्टिक सोड्यात काही तास ठेवला की त्या जागी खड्डे पडतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली ते मोजता येतात. वीज लागत नाही, आवाज होत नाही. खोट एवढीच, की तीन महिने टांगलेली डबी तीन महिन्यांची बेरीज सांगते, कुठल्या रात्री वायू वाढला ते नाही.

म्हणून डबी कुठल्या ऋतूत टांगली याला महत्त्व येतं. थंड देशांत आकडा हिवाळ्यात चढतो: खिडक्या बंद असतात आणि वर चढणारी उबदार हवा जमिनीतला वायू घरात ओढते. कुवेतमधल्या, सदनिकांनी गच्च भरलेल्या हवल्लीला हा हिशेब लागू पडत नाही. कुवेतमध्ये मित्रिबा इथे जुलै २०१६मध्ये पारा ५४ अंशांच्या आसपास गेला होता. अशा देशात खिडक्या उन्हाळ्यात बंद असतात. एसीमुळे हवा बदलते, असं कुणी म्हणेल. पण स्प्लिट एसी खोलीतलीच हवा गार करून परत सोडतो. दुसरा आक्षेप वजनदार आहे: आत गारवा असल्यावर जमिनीतून वायू ओढलाच जात नाही. तळमजल्यापुरतं ते खरं. वरच्या मजल्यांवर मात्र रेडॉन मुख्यतः काँक्रीटमधून येतो, आणि त्याला घालवते ती फक्त बदलती हवा. तेव्हा तिथे उन्हाळ्याचाच आकडा मोठा असायला हवा.

कुवेतच्या घरांत आणि शाळांत मोजलेल्या सरासऱ्या जागतिक आरोग्य संघटनेच्या घनमीटरमागे १०० बेकरेल या संदर्भपातळीच्या खाली आहेत. घाबरण्याचं कारण नाही. पण फुफ्फुसाच्या कर्करोगाचा धोका वर्षाच्या सरासरीवर ठरतो, आणि ती एका ऋतूवरून काढता येत नाही. शिवाय भिंतीलगतची डबी थोरॉन हा रेडॉनचा समस्थानिकही टिपते. त्याचं अर्धायुष्य मिनिटाहून कमी, म्हणून भाभा अणुसंशोधन केंद्राने बनवलेल्या डबीत सूक्ष्म छिद्रांपलीकडच्या कप्प्यात तो पोचेपर्यंत विरून जातो. एक अडचण मात्र छिद्रांनी सुटत नाही. शाळांच्या सुट्टीत कुटुंबं मायदेशी जातात, एसी बंद होतो, आणि डबी रिकाम्या घरातला वायू मोजत राहते. तिला श्वास कळत नाही. त्यामुळे घरात कोण, किती दिवस होतं याची नोंद जोडल्याशिवाय हवल्लीच्या उन्हाळ्याचा आकडा फक्त भिंतींबद्दल बोलेल, माणसांबद्दल नाही.